बटण केरबानं दाबलं होतं

फोटोत खातूनबी छान आली होती आणि केरबा मुळीच आला नव्हता. तिच्या शेजारी, वरपासून खालपर्यंत, नुसता काळा पट्टा होता.

नातीनं, सुमैरानं, कॅमेऱ्याची स्क्रीन दादीपुढे धरली. खातूनबी खुदकन हसली. केरबा तिच्या नवऱ्याचा, बादशहाचा, शाळेपासूनचा दोस्त. मिरजेला गुडघा दाखवायला आला की तिच्या हातचा चहा घेतल्याशिवाय गावी परतत नसे. गेल्या वर्षी बादशहा गेला, तरी हा नेम मोडला नव्हता.

"फिट्टंफाट झाली म्हणायची, केरबाभाऊ," ती म्हणाली. "तवा तुमी मला गिळलं, आज मशीननं तुमाला."

केरबा हसला नाही. मान वळवून त्यानं पाठीमागच्या भिंतीकडे पाहिलं.

भिंतीवर बादशहा आणि खातूनबीच्या लग्नाचा फोटो होता. दोघांचा म्हणायचा, एवढंच. उजवीकडे सेहरा बाजूला सारून ताठ बसलेला बादशहा, डावीकडे काळाकुट्ट अंधार. नवरीची मेंदी लावलेली चार बोटं तेवढी कडेला उजेडात आली होती. बादशहाचा मिरजेत स्टुडिओ होता. अख्ख्या गावाची लग्नं त्यानं टिपली, पण स्वतःच्या लग्नात कॅमेऱ्यासमोर बसणं भाग होतं. म्हणून पलटणीतून रजेवर आलेल्या केरबाच्या हाती कॅमेरा दिला आणि केरबानं हे असं करून ठेवलं. पाहुण्यांनी त्याची यथेच्छ खिल्ली उडवली. बंदूक धरणाऱ्याला कुणी कॅमेरा देतं का, असं बायका तोंडावर म्हणाल्या.

बादशहा मात्र मरेपर्यंत एकच सांगत राहिला, चूक माझी हाय. ऐकणाऱ्याला वाटायचं, दोस्ताला सांभाळून घेतोय. केरबालाही तसंच वाटायचं आणि ते त्याला जास्त लागायचं. दर गुऱ्हाळाला तो गुळाची ढेप घेऊन यायचा आणि त्या फोटोकडे पाठ करून बसायचा. सगळ्या घराला ठाऊक होतं की ती खुर्ची केरबाची.

"ह्योच की," तो म्हणाला. "तवा आसाच काळा आला हुता. पोरी, तुझं काय चुकलं?"

सुमैरा नुकतीच लग्नांचे फोटो काढायला लागली होती. कॅमेरा नवा, फ्लॅश बादशहाचा, जुना. तिनं समजावून सांगितलं की कॅमेऱ्याच्या आत एक पडदा असतो. त्याचा वेग फार ठेवला, तर फ्लॅश चमकतो तेव्हा तो पुरता उघडलेलाच नसतो आणि फोटोचा तेवढा भाग अंधारात राहतो. नवा फ्लॅश असता तर कॅमेऱ्यानं वेग वाढूच दिला नसता, पण जुन्या फ्लॅशची त्याला ओळखच नाही. सकाळी गच्चीवर उन्हात ती कबुतरांचे फोटो काढत होती. तोच वेग राहून गेला.

"म्हंजे बटण दाबताना चूक झाली न्हाई?"

"बटणाचा काही संबंधच नाही, आजोबा. वेग आधीच लावून ठेवायचा असतो."

केरबानं कपबशी खाली ठेवली. मग सांगू लागला. त्या दिवशी बादशहानं सगळं स्वतः लावलं होतं. पट्टा केरबाच्या गळ्यात घालून एकच बटण दाखवलं होतं, तू फक्त दाब. लग्नाच्या दिवशीसुद्धा गडी सकाळभर उन्हात कुस्त्यांचे फोटो काढत होता, मेव्हण्यांनी ओढून आणला.

"मग चूक दादाजींचीच," सुमैरा सहज बोलून गेली.

खातूनबीला ते खपलं नाही. झोपेतून उठवलं तरी कॅमेरा बिनचूक लावणारा माणूस, ऐन स्वतःच्या लग्नात विसरेल? ती नातीवर चांगलीच चिडली. "ते इसरणारं माणूस न्हवतं," ती म्हणाली.

केरबानं पुन्हा भिंतीकडे पाहिलं. मग त्यानं जे सांगितलं, ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्याचा या फोटोशी काही संबंध असेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. निकाहनंतर नवरीला आणून बसवलं. कॅमेरा देण्याआधी बादशहानं तिच्यासमोर उभं राहून डोळ्याला लावला. त्याआधी त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं. लावला तो लावलाच. मंडळी खोळंबली, जेवणं गार व्हायला लागली, तरी हा हलेना.

"मी म्हनलं, आरं दे की हिकडं. तर म्हनतो कसा, थांब जरा, बघू दे."

खातूनबीनं ओढणीचं टोक तोंडाला लावलं. तिचे डोळे भरून आले. इतकी वर्षं कधी केरबावर, कधी नशिबावर रागावत आली होती. आता रागवायला कुणी उरलं नव्हतं. केरबानं आपली खुर्ची उचलली आणि फोटोकडे तोंड करून बसला.

सुमैरानं वेग कमी केला आणि दादीचा एकटीचा फोटो काढला. या वेळी काळं काही आलं नाही, पण स्क्रीनवर दादीची पांढरी ओढणी आणि कपाळ लुकलुकायला लागलं. उजेड जास्त झाला की कॅमेरा असं सांगतो, परत काढते, असं ती म्हणाली.

खातूनबीनं परत काढू दिला नाही. कॅमेरा हातात घेऊन ती भिंतीपाशी गेली आणि फोटोच्या काळ्या अर्ध्या भागावर तिनं स्क्रीन धरली. तिकडे तरणा बादशहा ताठ बसला होता. त्याच्या शेजारी म्हातारी नवरी लुकलुकत होती.

बराच वेळ झाला, तेव्हा सुमैरानं कॅमेरा घ्यायला हात पुढे केला.

"थांब जरा," खातूनबी म्हणाली. "बघू दे त्यास्नी."