पलीकडून हाक

दुपारी कोसळलेल्या बर्फाखालून सेराइनाला काढलं, तेव्हा ती गेलेली होती. धुक्यात हेलिकॉप्टर येणार नव्हतं. खुणेसाठी तिची स्की तिथे उभी रोवून उरलेले पाचजण निघाले. अंधाराआधी आजच्या मुक्कामाची झोपडी गाठायची होती आणि वाटेत बर्फ कोसळू शकेल असा आणखी एक उतार होता. असा उतार एकेकाने ओलांडायचा. पलीकडे पोचलेल्याने हाक दिली, की पुढच्याने निघायचं. नेहमीसारखा सेराइनाचा नवरा कुर्दिन पहिला गेला आणि पलीकडे नुसताच उभा राहिला.

"पोचलास ना? मग हाक दे की!" अलीकडे थांबलेल्या चौघांतला दुरी ओरडला. "अरे बाबा, आम्हाला काय इथंच गोठवणार आहेस?"

कुर्दिनने तोंड उघडलं. दुपारी सेराइना त्याच्याच हाकेवर निघाली होती.

उजेड गेला, तरी हाक द्यायची राहिलीच होती.