चार्जर काढा

लॅपटॉप पुन्हा अडकला आणि आप्पासोंच्या तोंडचं पाणी पळालं. पडद्यावरच्या पोलीस अधिकाऱ्याचा चेहरा चौकोनाचौकोनांत विरघळला. खाकी रंग, टोपी आणि मागे कसलासा झेंडा, एवढंच काय ते ओळखू येत होतं. कॉल तुटला तर पळून जायचा प्रयत्न समजू, लगेच गाडी दारात उभी राहील, असं त्यानं सकाळीच बजावलं होतं.

"साहेब, मी हाय! हितंच हाय! मी कायबी केलं न्हाय, मशीनच हळू चालतंय!" आप्पासो कॅमेऱ्यापुढे हात जोडून ओरडले.

सकाळपासून ते माडीवरच्या खोलीत आतून कडी लावून बसले होते. त्यांच्या आधार कार्डावर कुणीतरी अमली पदार्थांचं पार्सल परदेशात धाडलं होतं म्हणे. चौकशी संपेपर्यंत कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, बायकोला सांगितलं तर तीही आरोपी. अशी घरबसल्या अटक असते का, हे विचारायचं आप्पासोंना सुचलंच नाही. सूतगिरणीच्या भांडारात उभी हयात घालवली, पण तिथला एक खिळाही कधी घरी आणला नाही. अशा माणसाला पोलिसांची भीती चोरापेक्षा जास्त वाटते.

खालून रत्नाबाईंची हाक आली. "अहो, दिवस मावळायला आलाय! जेवून घ्या की!"

जैनाचं घर. अंधार पडल्यावर आप्पासोंनी आजवर तोंडात घास घातला नव्हता. ते कसेबसे "भूक न्हाय" म्हणाले. एवढं बोललेलंही गुन्ह्यात धरतील का, म्हणून त्यांनी लगेच कॅमेऱ्यापुढे पुन्हा हात जोडले.

अधिकारी हिंदीत बोलायचा. आवाज तुटत तुटत येत होता. लॅपटॉप कितना पुराना है, त्यानं विचारलं. लॅपटॉप नातवाचा, अनेकांतचा. त्यानं पुण्यात नवा घेतला आणि हा आजोबांना ठेवून गेला. "मेरा चेहरा आपको साफ दिखना चाहिए," अधिकारी म्हणाला. "इसका स्पीड बढाना पडेगा."

मग दुरुस्ती सुरू झाली. तो सांगेल तिथं आप्पासो दाबत गेले. प्रोसेसरचा वेग कुणी कमी करून ठेवलाय का ते आधी पाहिलं. ठेवला नव्हता, शंभर टक्के दाखवत होता. तरी प्रत्यक्षातल्या वेगाचा आकडा तळाला चिकटलेला, हलायचं नाव घेईना. बंद करून चालू करावा, तर कॉल तुटणार. आता हेही आपल्यावरच शेकणार, अशी आप्पासोंची खात्री झाली.

"चार्जर कंपनी का है?"

आप्पासोंनी गुन्हा कबूल करावा तसं सांगून टाकलं. मूळ चार्जरची वायर उंदरानं कुरतडली होती. हा बाजारातून आणलेला डुप्लिकेट.

चार्जर ओळखीचा नसला की असे जुने लॅपटॉप आपणच आपला वेग आवरतात, अधिकाऱ्यानं समजावलं. इतक्या मऊ आवाजात तो दिवसभरात एकदाही बोलला नव्हता. मग म्हणाला, "चार्जर निकालिए."

आप्पासोंचा हात वायरपाशी जाऊन थबकला. बॅटरीत कधीचाच जीव उरला नव्हता. ती संपली की कॉल तुटणार. कॉल तुटला की गाडी येणार, सगळी गल्ली गोळा होणार आणि रत्नाबाईंच्या देखत आपल्याला बेड्या पडणार.

"साहेब, बॅटरी मरतीय ओ ह्याची. मग म्हणशीला, म्हातारा पळाला."

"निकालिए!"

त्यांनी डोळे मिटले आणि वायर ओढली.

लॅपटॉपमधला पंखा घरघरला. डोळे उघडले तेव्हा पडद्यावरचे चौकोन एकमेकांत मिसळत होते. चेहरा उमटला. पंचविशीचाही नसेल. टोपी कपाळावर घसरत होती. एक डोळा सुजून पार मिटला होता, ओठ फाटला होता. खुर्चीच्या पाठीवर मागच्या कुणाचा तरी जाडजूड हात होता.

आप्पासो एका क्षणात भीती विसरले. ध्यानीमनी नसताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "लेकरा, कुणी मारलं रं तुला?"

त्याचा उघडा डोळा भरून आला. मागचा हात खुर्चीवरून त्याच्या मानेवर आला, आणि कुणीतरी कुठल्याशा परक्या भाषेत खेकसलं. बॅटरी संपत आल्याची खूण पडद्यावर लुकलुकायला लागली. आप्पासो घाईघाईनं वायर चाचपू लागले.

अधिकाऱ्यानं टेबलावर मूठ आपटली आणि त्यांच्यावर बोट रोखलं. सूर सकाळपासूनचाच, दरडावणीचा. शब्द मात्र कोल्हापूरकडचे होते.

"चार्जर लावू नगासा काका! मरू द्या बॅटरी, म्हंजे कॉल मी तोडला न्हाय हे ह्यांस्नी पटंल! तुमास्नी कुणी अटक केली न्हाय! अटक मला झालीया, नोकरी देतो म्हणून परदेशात आणून कोंडलंय! शाहूवाडीत माज्या आईला, बाळाबाईला सांगा, तुजा राजवीर जिता हाय!"