नव्या वहाणा

सिरसाळ्याच्या बाजारात, शहादेवच्या वहाणांच्या दुकानापुढं, भिवराबाईनं पदराखालून वहाणांचा जोड काढला.

"शहादेवभाऊ, नव्या हैदराबादी म्हून तुमच्याकडनंच घेतल्या. लेकानं पायात घातल्या अन् तवापसनं तापानं अंथरुणाला खिळलाय. साडेसाती हाय म्हनत्यात. पायातल्या वहाणा शनीच्या देवळाच्या पायरीवर सोडल्या की जाती. पर लेकराला टाकून मी कशी जाऊ?"

शहादेवनं हात पुढं केला. "आना इकडं. मी नेतो."

"लई उपकार झाले, भाऊ!"

ती गर्दीत दिसेनाशी होईस्तोवर त्यानं मान वर केली नाही. त्याच पायरीवर कुणी सोडलेल्या वहाणा उचलून, तळाला नवं चामडं ठोकून त्यानं तिला विकल्या होत्या. पुन्हा तिथं ठेवाव्यात, तर आणखी कुणीतरी उचलील.

शहादेवनं आपल्या वहाणा काढल्या आणि भिवराबाईनं दिलेल्या पायात घातल्या.