भिवातात्यांचा खांदा

व्हीलचेअरवरच्या हर्षदच्या हाती शहाळं देत भिवातात्या म्हणाले, “ट्रकनं तुला उडवलं तेव्हा सगळे नुसते मोबाईल काढून उभे होते. मीच तुला खांद्यावर टाकून रिक्षापर्यंत पळालो.”

“देवासारखे धावून आलात, तात्या,” आईने दर खेपेप्रमाणे हात जोडले.

हर्षद शहाळं पीत राहिला. अपघातात मणक्याला नुसती चीर पडली होती. तसं उचलल्यामुळे मज्जारज्जू दुखावला आणि पाय गेले, हे डॉक्टरांनी फक्त त्यालाच सांगितलं होतं. तात्यांच्या जिवाला लागेल, म्हणून तो कुणापाशीच बोलला नव्हता.

निघताना तात्या दारात थांबले. “काल फाट्यावर गाडीवरून एक पोरगी पडली,” स्वतःचाच खांदा थोपटत ते म्हणाले, “तिलाही असंच नेलं बघ.”