दोन बोटांचं मुठेल

“तुजे गोळे तळाक ठेव गो, पावण्यांका दिसूक नको,” बचतगटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. शेवंतीनं आपले गोळे टोपलीच्या तळाशी सारले आणि उजवा हात पदराखाली घेतला.

कोकमाच्या बियांचं तेल थिजत आलं की मुठीत दाबून गोळे करायचे, तेच मुठेल. प्रत्येकीच्या गोळ्यावर चार बोटांचे ठसे उमटत. शेवंतीच्या गोळ्यावर दोनच. बाकीची दोन भातगिरणीनं खाल्लेली. अपुऱ्या मुठीतून मऊ तेल निसटायचं, म्हणून ती ते पुन्हा पाण्यात उकळायची, गाळायची आणि चांगलं घट्ट होईस्तोवर वाट बघायची.

क्रीमच्या कंपनीतून आलेल्या बाईंनी टोपली सतरंजीवर उपडीच केली. एकेक गोळा मनगटावर घासून, हुंगून बघता बघता त्या एका गोळ्यापाशी थांबल्या. “किती पांढरं, वाससुद्धा नाही! हे दोन बोटांचं कुणी केलं? आम्हाला सगळं असंच हवंय.”

अध्यक्षबाई खाली बघू लागल्या. शेवंतीनं पदराखालचा हात बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

“मिया,” ती म्हणाली. मग अध्यक्षबाईंकडे वळली. “उद्या सगळ्यांनी माज्याकडे येवा. शिकयतंय.”