एका घरात दोन गावं

"हर्षाली, तवा उतरव आनि इकडं ये. टाइप कर."

हर्षालीने पिठाचे हात पदराला पुसले आणि ती बाहेरच्या खोलीत आली. वाशिंदच्या कंपनीतून आलेल्या मनोजने अजून बूटही काढले नव्हते. संगणकाच्या पडद्यावर लाल चौकटीत इंग्रजी मजकूर होता. तिने तो उभ्याउभ्याच वाचला.

इंटरनेटवर गावं वसवण्याचा एक खेळ दोघं खेळत, ज्याचं त्याचं गाव वेगळं; निरोप तो खेळ चालवणाऱ्यांचा होता. एकाच संगणकावरून दोघं खेळत असाल तर हरकत नाही, पण एकाच्या गावातून दुसऱ्याच्या गावात धान्य जाता कामा नये, असा नियम होता. धान्य गेलं होतं. आता माणसं खरोखर दोन असतील, तर दोघांचीही गावं निम्मी होतील. एकाच माणसाने दोन नावांनी मांडलेला डाव असेल, तर त्याने तसं कबूल करावं; एक गाव राहील, दुसरं पुसलं जाईल.

"माझं धान्य तुमी घेतलंत?"

"फौज उपाशी मरत होती. तू धसईला, माहेरी. बायकोच्या कोठारातनं नाय घ्यायचं तर काय शेजारणीच्या?" मनोज हसला.

पासवर्ड तिनेच त्याला सांगितला होता. नवऱ्यापासून काय लपवायचं, म्हणून.

"मग निम्मं निम्मं जाऊ दे ना," ती म्हणाली. "दोन्ही गावं राहतील. परत वाढवू."

"आनि उद्या कंपनीत तोंड कुठं दाखवू? डब्याच्या टायमाला पोरं एकमेकांची फौज मोजतात. तुला कोन विचारतंय तिथं?"

विचारत होते. दुपारी भांडी आवरून ती संगणक लावायची, तेव्हा लातूरची, अकोल्याची, कुठली कुठली माणसं तिच्या गावाभोवती नांदत असायची. कुणावर हल्ला झाला की आधी तिला कळवायची. मीना, थोडं धान्य देशील का? मीना, कालची तुझी युक्ती लागू पडली बघ. लग्न होऊन खर्डीला आल्यापासून, माहेर सोडलं तर, तिला मीना म्हणणारी माणसं तेवढीच उरली होती.

"तिथं मला मीना म्हणून ओळखतात," ती हळूच म्हणाली. हे बोलायला नको होतं, हे तिला लगेच कळलं.

"कोन मीना?" दारात तांदूळ पाखडत बसलेल्या सासूने, धोंडूबाईने, मान वर केली. "मीनाला धसईलाच ठेवून ये, असं सांगितलेलं ना तुला? भरल्या मांडवात माज्या लेकानं ताटात तांदूळ पसरून बोटानं तुजं नाव लिवलं. ते तांदूळ काय कोंबड्यांना टाकायला होते गो?"

मनोज खो खो हसला आणि हसता हसता एकदम थांबला. त्याला काहीतरी सुचलं होतं.

"आई बरोबर बोलली. खोटं पन बोलायला नको. लिही. दुसरं गाव पन माझंच हाय. मीना नावाचं कोनी या घरात नाय."

"अहो, पण..."

"सहाला लाईट जाईल. लिही."

त्याला इंग्रजी लिहिता येत नसे, वाचता मात्र येई. मुरबाडच्या टायपिंग क्लासात तिची बोटं खाली न बघता पळायची. आज ती अक्षर अक्षर शोधत होती. स्वतःच्या नावापाशी ती थांबली. पुढे काही वेगळंच लिहावं, असं तिच्या मनात आलंही. पण मनोज पडद्याला बोट लावून एकेक शब्द वाचत होता.

"नो मीना," तो पुटपुटला. "हां. आता आईला वाचून दाखव. मराठीत."

"मीना नावाचं कोणी या घरात नाही."

"मोठ्यानं गो," धोंडूबाई म्हणाली. "सूप वाजतंय."

तिने मोठ्याने वाचलं. मग तिनेच बटण दाबलं आणि ती आत परातीकडे गेली.

दुसरी भाकरी थापून होते न होते तोच मनोजने हाक मारली. ती पिठाच्या हातांनीच येऊन उभी राहिली. त्याचं गाव उघडलं होतं, फौज होती तेवढी शाबूत होती. त्याने नकाशा सरकवला. लातूरवाल्याच्या आणि अकोलेवाल्याच्या गावांच्या मधोमध आता हिरवं गवत होतं. तिथे कधी कुणी राहत होतं, याची एक रेघसुद्धा उरली नव्हती.

मनोजला तिचा चेहरा दिसला असावा. तो काही दगडाचा नव्हता.

"अगो, तोंड काय पाडतेस? जागा मोकळीच झालीय. माझी मानसं पाठवून तिथं नवं गाव वसवतो. तुजंच नाव देतो त्याला, मग तर झालं?" तो आईकडे वळला. "बघ आई, बायकोच्या नावाचं गाव! कंपनीत हाय का कुनाचं?"

"लाडावून ठेव अजून," धोंडूबाई म्हणाली.

मनोजने माणसं पाठवली. गावाचं नाव विचारणारी पांढरी चौकट उघडली. सवयीने हर्षाली पुढे झाली.

"तू नको. हे मीच लिवनार."

त्याने एक बोट ताठ केलं आणि ते कीबोर्डावरून इकडून तिकडे फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"एच कुठाय गो?"

तिने दाखवला. त्या बटणावर तांदळाचं पीठ लागलं.