दहावी सही

राकाननं कॉफीचा कप हातात घेतला, ओठांपाशीही न नेता समोरच्या तिपाईवर ठेवला आणि मान खाली घातली.

अबू हातिमच्या लगेच लक्षात आलं. जॉर्डनमधल्या या अख्ख्या सल्त गावात कुणाच्याही आलं असतं. पाहुण्यानं कप असा खाली ठेवला की समजायचं, हा काहीतरी मागायला आलाय, आणि यजमान हो म्हणेपर्यंत कॉफीला तोंड लावणार नाही. भरला कप तसाच ठेवून पाहुणा उठून गेला, तर यजमानाला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हणून तर राकान घरी आला होता. कार्यालयात 'नाही' म्हणता येतं, इथं म्हणता येत नाही. धोरण आणि नियोजन विभागाचा प्रमुख होता तो. एवढं नियोजन त्याला जमणारच.

काम एका सहीचं होतं. लोकांच्या तक्रारी ऐकणारं, दोघंही जिथं नोकरीला होते ते मंडळ आणि सरकारी कारभारावर नजर ठेवणारं दक्षता मंडळ, ही दोन्ही आता एक होणार होती. त्याचा आराखडा राकाननं केला होता. बंद होणाऱ्या दहा विभागांच्या प्रमुखांनी 'हरकत नाही' म्हणून सही द्यायची, असा नियम. नऊ सह्या आल्या होत्या. रविवारी सकाळी फाईल मंत्रिमंडळाकडे गेली नाही, तर दक्षता मंडळातल्या नियोजनप्रमुख बाई नवा आराखडा करणार होत्या, आणि नव्या संस्थेतली राकानची खुर्चीही त्यांनाच मिळणार होती. आज शुक्रवार होता, आणि शुक्रवार-शनिवार कार्यालयाला सुट्टी.

दहावी सही अबू हातिमची. त्याचा विभाग फिरता. जीपमध्ये बसून खेड्यापाड्यांत जायचं आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांची तक्रार लिहून घ्यायची. राकाननं नोकरीची पहिली चार वर्षं त्याच जीपमध्ये काढली. कुणाचं गाऱ्हाणं हसण्यावारी न्यायचं नाही, हे त्याला याच माणसानं शिकवलं. आणि आराखड्यात हा विभागच नव्हता. तसं सांगायचं धाडस राकानला झालं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत बैठकीचा दिवस उजाडला. पडद्यावर नव्या रचनेचा तक्ता आला. साठ माणसांच्या देखत अबू हातिम उठून पडद्याजवळ गेला आणि आपल्या विभागाची चौकट शोधत राहिला. "राकान, बाळा, आमची कुठली रे?" त्यानं विचारलं, तेव्हा मागून कुणीतरी फिसकन हसलं. राकाननं पुढचं पान लावलं.

नुसत्या आठवणीनं त्याचे कान तापले. लाज वाटत होती त्याला, अगदी मनापासून वाटत होती. दोन महिने तो जिन्यात, वाहनतळावर, सगळीकडे या माणसाला चुकवत होता. पण लाज घेऊन बसलं तर फाईल कोण हलवणार?

"अहो, बघा तरी त्याच्याकडे," उम्म हातिम दारातून नवऱ्याला म्हणाली. "किती सुकलंय पोरगं."

अबू हातिमनं बघितलं. चांगलं निरखून बघितलं.

"दोन महिने लागले तुला यायला," तो म्हणाला.

"काका, मी काय म्हणतो..."

"काही म्हणू नकोस. पी कॉफी. ज्यासाठी आलास ते दिलं तुला."

"आधी ऐकून तर घ्या."

"चौतीस वर्षं ऐकतोच आहे की लोकांचं. तोंडावर लिहिलंय तुझ्या." म्हाताऱ्यानं कप त्याच्याकडे सरकवला. "पी रे. माझ्या मनात आता काही नाही. तूही ठेवू नकोस."

इतक्या सहज? राकान चार वाक्यं पाठ करून आला होता, त्यातलं एकही लागलं नाही. त्यानं कप उचलला. कॉफी कडू तर होतीच, वर गारही झाली होती. दोन घोटांत त्यानं ती संपवली.

उम्म हातिमनं डोक्यावरच्या ओढणीच्या टोकानं डोळे टिपले. "दोन महिने हा माणूस धड जेवला नाहीये," ती म्हणाली. "आज जेवेल. तूही जेवूनच जायचं, मक्लूबा भात केलाय." आणि ती आत पानं घ्यायला गेली.

सुटलो एकदाचा, असं राकानला वाटलं. आता उगीच लांबण नको. त्यानं पिशवीतून कागद काढला, अबू हातिमच्या मांडीवर ठेवला आणि टोपण काढून पेनही पुढे धरलं.

"इथं खाली, काका. तुमची एवढीच राहिलीय."

अबू हातिमनं चष्मा लावला. कागद वाचला. खालची ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली.

"हा कागद? हा तर गुरुवारी दुपारीच सही करून तुझ्या टेबलावर ठेवून आलो मी," तो म्हणाला. "तू नव्हतास."

गुरुवारी दुपारी राकान मागच्या दारानं निघून गेला होता. जिन्यात म्हाताऱ्याचा आवाज ऐकला होता त्यानं.

आतून ताटांचा आवाज येत होता. पेन अजून राकानच्या हातात तसंच उघडं होतं. अबू हातिमनं कागदाची नीट घडी घातली आणि तो त्याला परत दिला.

"मला वाटलं, तू माफी मागायला आलायस," तो म्हणाला. "म्हणून तर लगेच पी म्हटलं."